प्शेमिशल : सीमेवरच्या शहराची कसोटी

राजधान्यांत बसून आखलेल्या सीमेची किंमत सीमेवरच्या गावांना मोजावी लागते. पोलंडच्या आग्नेय भागात, सान नदीच्या काठी वसलेले प्शेमिशल हे शहर ती किंमत शतकानुशतके मोजत आले आहे. युक्रेनची हद्द येथून अवघ्या बारा-चौदा किलोमीटरवर आहे.

दहाव्या शतकापासून कीव्हचे आणि पोलंडचे राज्यकर्ते या शहरासाठी झगडत होते. चौदाव्या शतकात ते पोलंडकडे आले. १७७२ च्या पहिल्या फाळणीत ऑस्ट्रियाने गिळले. ऑस्ट्रियाने त्याभोवती किल्ल्यांचे भक्कम कडे उभारले. मात्र पहिल्या महायुद्धात रशियन वेढ्यातील उपासमारीने हा दुर्ग टेकीला आला आणि २२ मार्च १९१५ रोजी सुमारे १,१७,००० सैनिकांसह शरण गेला.

१९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला, तेव्हा सान नदीच सीमा ठरली. एका तीरावर जर्मन, दुसऱ्यावर सोव्हिएत! लोकसंख्येत जवळजवळ एक तृतीयांश असलेला येथील ज्यू समाज पुढे नाझींनी संपविला. सोव्हिएत ताब्यातील पूर्व पोलंडमधून लाखो लोक सैबेरियाकडे व मध्य आशियाकडे हद्दपार झाले. तेथून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने आसरा दिला, हे महाराष्ट्राने विसरू नये.

युद्धाने पोलिश आणि युक्रेनियन समाजांतही रक्ताचे वैर पेरले. १९४३ मध्ये व्होल्हिनियात युक्रेनी बंडखोरांनी हजारो पोलिश ग्रामस्थांची कत्तल केली. १९४७ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीने आग्नेय भागातील सुमारे १,४०,००० युक्रेनियन व लेमको लोकांना घरादारातून उपटून देशाच्या उत्तर-पश्चिमेस विखुरले. त्या जखमा सहज भरल्या नाहीत. पूर्वी युक्रेनी ग्रीक कॅथलिकांचे कॅथीड्रल असलेले चर्च त्यांना १९९१ मध्ये परत मिळू नये म्हणून पोलिश आंदोलक तेथे ठाण मांडून बसले. अखेर पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना दुसरे चर्च दिले. पुढे १९९६ मध्ये वादग्रस्त चर्चचा ‘पूर्वेकडचा’ वाटणारा घुमटही उतरविण्यात आला.

आणि मग फेब्रुवारी २०२२ उजाडला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि प्शेमिशलच्या स्थानकात स्त्रिया, मुले, वृद्ध यांचे लोंढे उतरू लागले. साठ हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या या शहराने आपली दारे उघडली. स्वयंसेवकांनी गरम अन्न, अंथरूण-पांघरूण, औषधे पुरविली. अनोळखी कुटुंबांना घरात घेतले. भारतीय विद्यार्थीही याच वाटेने मायदेशी परतले. वर्णाने वेगळ्या दिसणाऱ्या निर्वासितांवर काही टोळक्यांनी येथे हल्ले केले, हा डाग मात्र नाकारता येणार नाही.

ज्यांच्या पूर्वजांचे हिशेब चुकते झालेले नाहीत, त्यांच्याच लेकराबाळांना घास भरविणे सोपे नसते. प्शेमिशलने ते केले, आणि तेही इतिहास न पुसता. पूर्वजांचे दुःख स्मरणात ठेवावे. त्याचा दंड दारी आलेल्या निरपराधाकडून वसूल करू नये. किल्ल्यांच्या कड्याने या शहराला तारले नाही. त्याचे नाव राखले ते रेल्वे स्थानकाच्या उघड्या दारांनी.