एका दात्याचा फरक

मोटारसायकल धावते ती इंजिनाच्या जोरावर, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तो जोर ओढण्यात खर्चायचा की पळण्यात, हे ठरवतात चेनीच्या दोन टोकांची दातेरी चक्रे. बैल तेच, कापसाची बंडी ओढायची की शंकरपटात धावायचे, एवढाच प्रश्न. या चक्रांना स्प्रॉकेट म्हणतात, आणि मराठीच्या प्राध्यापकानेसुद्धा मेकॅनिकपुढे दुसरा शब्द काढू नये!

समजा, पुढे 14 दाते आणि मागे 42. पुढचे चक्र तीनदा फिरले की मागचे चाक एकदा फिरते. पुढचा एकच दाता कमी केला तर ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते आणि इंजिन तेवढेच फिरूनही वेग तितकाच घटतो. हाच परिणाम मागून साधायचा तर तीन दाते वाढवावे लागतात. म्हणून शर्यतवाले बारीक हिशेब मागच्या चक्रावर करतात. 2024 च्या जानेवारीत पुण्याला सुपरक्रॉस झाली. तिथे मातीचे उंचवटे आणि जवळजवळची वळणे. हवी ती ओढ. 2023 साली ग्रेटर नोएडाला मोटोजीपी झाली, तिथला सरळ पट्टा किलोमीटरभराचा. हवा तो वेग.

इंजिनाचा जोर जितक्या अरुंद पट्ट्यात, तितके गिअर जास्त लागतात. सुझुकीने 1967 साली 50 सी.सी.च्या शर्यती गाडीला चक्क 14 गिअर दिले होते! पुढे नियमाने सहाचीच मर्यादा घातली.

आमच्या गल्लीतल्या एका विद्यार्थ्याने चिखलदऱ्याला जायचे म्हणून पुढे 15 दात्यांचे चक्र चढवले. "सर, आता बघा गाडी!" आईचा जीव टांगणीला. "सर, तुम्हीच सांगा हो याला." मी त्याला घाटाचेच गणित घातले. चढावर ओढ कमी, म्हणजे गाडी तिसऱ्यात धापा टाकणार, दुसरा टाकावा लागणार. ते एक वेळ चालेल. पण उतारावर गिअरमधली गाडी इंजिन धरून ठेवते, ती पकडही सैल होणार. मग सगळा भार ब्रेकवर. आणि समोरच्या वळणावर परतवाड्याची एस.टी.

पोरगा बराच वेळ गप्प होता. घाटात जाण्याआधी 14 चे चक्र परत बसले. 15 चे त्याने फेकलेले मात्र नाही. नागपूरच्या सरळ रस्त्यासाठी कपाटात जपून ठेवले आहे म्हणे.