माशांना थंडी वाजते का?

"अरे, आपण सगळ्यांनी रजया काढल्या. त्या माशांचं काय?"

मागच्या डिसेंबरात आईने विचारलेला हा प्रश्न मी चक्क हसण्यावारी नेला. मासे पाण्यातच राहतात, त्यांना कसली आलीय थंडी, असं काहीतरी बोललो आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. पुढच्या दहा दिवसांत आठपैकी सहा निऑन टेट्रा मेले. तेव्हा या विकांताचं हे लिखाण म्हणजे थोडं प्रायश्चित्तच समजा.

तर झालं असं. टाकी दोन बाय एक बाय एक फुटाची, म्हणजे पाणी साधारण ४५ लिटर. घेताना मी दुकानदाराला विचारलं होतं, हीटर लागेल का? तो म्हणाला, "पुण्यात कशाला हीटर? चालतं हो!" पैसे वाचले म्हणून मीही खूश. आता पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो, हे त्याला माहीत आणि मलाही. आपल्या घरांत खोली गरम ठेवायची काही सोय नसते. आमच्या उत्तरेकडच्या हॉलमध्ये टाकीचं पाणी १८ अंशांवर आलं होतं. (थर्मामीटर आणला तो मासे मरायला लागल्यावर. हेही आपलं नेहमीचंच!)

पण खरा घाव थंडीने नाही, मीच घातला. रविवारी सकाळी उत्साहाच्या भरात निम्मं पाणी बदललं. गच्चीवरच्या टाकीतलं, रात्रभर गारठलेलं पाणी थेट बादलीने ओतलं. चार दिवसांत माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके.

मग वाचायला बसलो. मासा आपल्यासारखं अंग गरम ठेवू शकत नाही. पाण्याचं तापमान तेच त्याचं तापमान. उष्ण प्रदेशातल्या माशाचं पाणी गार झालं की पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती ढेपाळते. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी नेमकी हीच संधी साधतो. औषध त्याला लागू पडतं ते तो माशाचं अंग सोडून पाण्यात पोहत असतो तेव्हाच. उबदार पाण्यात त्याचं जीवनचक्र काही दिवसांत पूर्ण होतं, गार पाण्यात ते आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. म्हणून औषधासोबत पाणी हळूहळू गरम करायला सांगतात. माझ्याकडे हीटरच नव्हता! आणखी एक म्हणजे, माशांच्या घाणीतला अमोनिया निस्तरणारे जिवाणूही थंडीत सुस्तावतात. आणि आम्ही "बिचारे गारठलेत" म्हणून रोज चिमूटभर खाणं जास्तच टाकत होतो.

मग प्रत्येकाने हीटर घ्यायलाच हवा का? मला नाही वाटत. माझं म्हणणं एवढंच की आधी खोली बघा, मग मासा निवडा. आपण उलटं करतो. रंग बघून मासा घेतो आणि खोलीशी जमवून घ्यायची जबाबदारी त्याच्यावर टाकतो. प्रोजेक्टमध्ये कुणी असं केलं तर आपण त्याला फाडून खाऊ.

हीटर नकोच असेल तर झेब्रा घ्या. स्वस्तातला म्हणून आपण त्याच्याकडे बघतही नाही, पण हा मासा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापणारं पाणी त्याच्या कित्येक पिढ्यांनी बघितलंय. दक्षिण चीनमधला व्हाइट क्लाउडही थंडीत मजेत असतो, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याचे हाल होतात. साधा, लांबट गोल्डफिश तर परदेशात बर्फ साचलेल्या तळ्यांतही तगतो. अर्थात म्हणून तो काचेच्या वाडग्यात ठेवायचा नाही. तो मोठा होतो, घाणही भरपूर करतो, आणि वाडग्यातलं पाणी दिवसा तापतं नि रात्री झपाट्याने उतरतं. जेवढं पाणी जास्त, तेवढे चढउतार कमी.

आणि निऑन, फायटर, एंजल असले उष्ण प्रदेशातले मासेच हवे असतील, तर हीटर ही चैन नाही, टाकीचाच भाग आहे. ढोबळ नियम लिटरला एक वॅट. माझा ५० वॅटचा हीटर दिवसातले १२ तास चालू राहिला तरी ०.६ युनिट, महिन्याला १८. हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा कमीच. फक्त त्याच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मामीटर वेगळा ठेवा. आणि पाणी बदलताना हीटरचं बटण आधी बंद करा, नवीन पाण्यात थोडं गरम पाणी मिसळून तापमान जुळवा, आणि एका वेळी पाव टाकीच बदला.

दुकानदारावर राग नाही. "चालतं" हे ऐकायला मीच तर गेलो होतो. पण कुत्रा थंडीत कुडकुडला की आपण त्याच्यावर गोधडी टाकतो, मांजर तर स्वतःच येऊन कुशीत शिरते. मासा ओरडत नाही, टाकीच्या तळाशी जाऊन गप्प बसतो, आणि आपण त्याला 'शांत' म्हणतो.

असो. उरलेले दोन निऑन अजून आहेत. आता पहिली रजई निघाली की आई आधी टाकीपाशी जाते आणि विचारते, "किती आहे रे?"

मी म्हणतो, "पंचवीस."