जीपची अस्सलता आणि ट्रॅक्टरचे इंजिन

जुन्या जीपगाड्यांच्या जीर्णोद्धाराची छायाचित्रे समाजमाध्यमांवर येतात, तेव्हा त्यांखाली एक वाक्य हमखास आढळते. डिझेल इंजिन काढून पेट्रोल इंजिन बसवले, आता गाडी अस्सल झाली, असा त्याचा आशय असतो. अभिनंदनांचा वर्षाव होतो. काढलेल्या इंजिनाचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. ते बहुधा भंगारात गेलेले असते. महिंद्राने विलीसच्या उमद्या जीपमध्ये ट्रॅक्टरचे इंजिन घालून तिची माती केली, हे मत आता इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कोणाला वाटत नाही. या मताला माझा विरोध आहे. त्यामागे अश्वशक्तीविषयीचा एक गैरसमज आहे आणि इतिहासाविषयीचा त्याहून मोठा.

प्रारंभ १९४० पासून करू. युरोपात युद्ध पेटले होते आणि अमेरिकी सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना बळ पुरवणारी गाडी तातडीने हवी होती. १३५ उत्पादकांकडे मागणीपत्र गेले. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यावा, ही अट पाहून बहुतेकांनी हात झटकले. अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून गाडी सिद्ध केली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर ती वेळेत पोहोचवली. त्यामागून विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड आले. तिन्ही गाड्या दिसायला जवळपास सारख्या होत्या. त्यांना वेगळे करत होते ते इंजिन. बँटममध्ये कॉन्टिनेंटल कंपनीचे पंचेचाळीसच्या आसपास अश्वशक्तीचे इंजिन होते. फोर्डने आपल्या शेती ट्रॅक्टरच्या इंजिनावरून घडवलेले ४६ अश्वशक्तीचे इंजिन दिले. विलीसचे २.२ लिटरचे इंजिन मात्र ६० अश्वशक्ती देत होते. कंपनीचा मुख्य अभियंता बार्नी रूस याने ४८ अश्वशक्तीचे जुने मोटारीचे इंजिन सुधारून त्याला या योग्यतेस आणले होते.

अडचण वजनाची होती. विलीसची गाडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा बरीच जड भरली. रूसपुढे दोन मार्ग होते: हलके इंजिन घ्यावे, किंवा इंजिन राखून बाकी सारी गाडी हलकी करावी. त्याने दुसरा मार्ग निवडला. गाडी सुटी करून एकेक भाग पुन्हा तोलला, गरजेपेक्षा लांब बोल्ट आखूड केले. रंगाचा दुसरा हात दिला असता तर मर्यादा ओलांडली गेली असती, अशीही कथा सांगितली जाते. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे कंत्राट विलीसला मिळाले आणि पुढे फोर्डलाही विलीसच्याच आराखड्याची, विलीसच्याच इंजिनाची जीप बनवावी लागली. मूळ गाडी घडवणारी बँटम मागे पडली. तिच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी गाड्या आल्या, तर युद्धकाळात एकूण सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या.

इथवरची कथा पेट्रोलवाद्यांना प्रिय आहे, कारण तीत ट्रॅक्टरचे इंजिन हरते. परंतु ते कोणत्या निकषांवर हरले, हे पाहिले पाहिजे. सैन्याला वेगही हवा होता आणि चढही चढायचा होता. इंधनाचे पैसे सैनिकाच्या खिशातून जात नव्हते, आणि गाडी वीस वर्षे टिकावी अशीही कोणाची अपेक्षा नव्हती.

आता अश्वशक्तीविषयी. इंजिनाचा दांडा ज्या जोराने पिळला जातो तो टॉर्क. तो जोर किती फेऱ्यांच्या वेगाने मिळतो, याचा गुणाकार म्हणजे अश्वशक्ती. विलीसचे इंजिन आपला कमाल टॉर्क, सुमारे १४२ न्यूटन-मीटर, मिनिटाला २,००० फेऱ्यांवर देई. ६० अश्वशक्तीचा आकडा मात्र ४,००० फेऱ्यांवरचा होता. खडकांतून गाडी माणसाच्या चालीने सरकत असते, तेव्हा त्या ४,००० फेऱ्यांपर्यंत कोणी जातच नाही. तिथे कामाला येतो टॉर्क आणि त्याला वाढवणारे गिअर. युद्धकाळातील जीपचा पहिला गिअर २.६६५ पट, लो रेंज १.९७ पट आणि अ‍ॅक्सलचे दाते ४.८८ पट. यांचा गुणाकार करा, साडेपंचवीसच्या पुढे जातो. म्हणजे घर्षणाचा तोटा सोडल्यास इंजिनाचा जोर चाकापाशी पंचवीस पटींनी वाढून पोहोचतो. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये हाच गुणाकार ३५च्याही पुढे गेला, इंजिन तेच असताना. जीपची खरी करामत इंजिनाइतकीच तिच्या दातेरी चाकांत होती, असे मी म्हणेन. टोयोटाने १९५१ मध्ये उलटे गणित मांडले: ट्रकचे ३.४ लिटरचे दणकट इंजिन घेतले, लो रेंज दिलीच नाही, आणि ती गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली.

नागरी जीपचा गुणाकार का वाढवला गेला, याचे उत्तर ‘अस्सलते’च्या वादात फार महत्त्वाचे आहे. १९४५ मध्ये विलीसने नागरी जीप बाजारात आणली ती शेतकऱ्यासाठी. नांगर ओढणारी, यंत्रे चालवण्यासाठी मागच्या बाजूने इंजिनाचे बळ काढून देणारी, शनिवारी कुटुंबाला गावात नेणारी गाडी, असा तिचा प्रचार होता. जीपला ट्रॅक्टर बनवण्याचा पहिला उद्योग खुद्द विलीसचाच, ही गोष्ट महिंद्राला दोष देणारे सोयीने विसरतात.

भारतात जीप आली ती माझगावच्या जुळणी कारखान्यातून, चाळीसच्या दशकाच्या अखेरीस. पुढे आली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. तिचे बॉनेट उंच होण्याचे कारणही इंजिनच. नव्या हरिकेन इंजिनात आत येणाऱ्या हवेची झडप सिलिंडरच्या शेजारून उचलून माथ्यावर नेली होती, इंजिनाची उंची वाढली, म्हणून पत्राही वर गेला. अमेरिकेत ही गाडी साठच्या दशकातच मागे पडली. आपल्याकडे तिने कित्येक दशके काढली.

मग वाटा फुटल्या. १९७२ मध्ये अमेरिकी सीजे-५ ला पाच लिटरचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन मिळू लागले. पुढच्याच वर्षी जगावर तेलसंकट कोसळले आणि भारतात पेट्रोलचे भाव झपाट्याने चढले. डिझेल ट्रकला लागे, शेतीपंपाला लागे. म्हणून शासनाने त्याची किंमत पेट्रोलपेक्षा बरीच खाली राखली. शिवाय डिझेलच्या एका लिटरात गाडी अधिक अंतर कापते. महिंद्रापाशी १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने चालणारा ट्रॅक्टरचा उद्योग होताच. त्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये गेले. १९७९ मध्ये प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला गेला आणि पुढे इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. (४.९० म्हणजे ९० मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडरे, नावातच मोजमाप.) हे इंजिन २.१ लिटरचे, ६२ अश्वशक्तीचे. डिझेलचा जोर नेहमीच अधिक, असे समजणाऱ्यांसाठी सांगतो की त्याचा टॉर्क विलीसच्या जुन्या पेट्रोल इंजिनापेक्षा किंचित कमीच होता. ते निवडले गेले ते इंधनाच्या हिशेबासाठी.

डोंगर कोलोरॅडोतही होते आणि सह्याद्रीतही. एकाच वंशाच्या गाडीत तिकडे पाच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि इकडे दोन लिटरचे डिझेल, हा फरक भूगोलाने पडलेला नाही. टाकी भरणारा कोण, यावरून तो पडला आहे.

आपल्याकडे टाकी भरणारा होता वडापवाला. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे वडाप, अन्यत्र काळी-पिवळी. जिथे एसटी दिवसातून एकदा येई आणि पावसाळ्यात तीही येईलच असे नाही, तिथे लांब चौकटीच्या डिझेल जीपने बाजार, दवाखाना आणि तालुक्याचे महाविद्यालय गावाला जोडले. या व्यवस्थेचे उदात्तीकरण मला करायचे नाही. माणसे फळीवर लटकत होती, अपघात होत होते, एसटीचे उत्पन्न बुडत होते. परंतु ती चालली, आणि ती पेट्रोलवर चालूच शकली नसती. दुरुस्तीचाही प्रश्न होता. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही; ओढ्याच्या पाण्यात पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर भिजला की गाडी उभी, डिझेल मात्र हवेच्या वाटेने पाणी आत शिरेपर्यंत चालत राहते. आणि ट्रॅक्टरचे इंजिन बांधणारा मिस्त्री पंचक्रोशीत असतोच. ज्या गुणांमुळे अमेरिकी सैन्याच्या परीक्षेत ट्रॅक्टरचे इंजिन मंद ठरले, तेच इथे कामी आले.

सैन्याने आपल्याकडेही पेट्रोलच निवडले, हे इथे नोंदवले पाहिजे. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी प्रारंभी ९७० घन सेंटिमीटरची, ४५ अश्वशक्तीची होती. पण वजन टनाच्या आत, आणि लडाखच्या थंडीत डिझेल घट्ट होते, तसे पेट्रोल होत नाही. निवड चोख होती. तीच जिप्सी पंधरा माणसे घेऊन पन्हाळ्याचा चढ रोज चार वेळा चढली असती का, हा प्रश्न मात्र सैन्याला कधी पडला नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदपत्रांची सवय असते, पण इथे धातूही साक्ष देतो. १९६०च्या दशकातील त्या ट्रॅक्टरच्या इंजिनात पिस्टनची धाव चार इंच होती. २०१० मध्ये थार आली, तिच्या स्वस्त आवृत्तीतील २,५२३ घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे मोजमाप पाहा: धाव १०१.६ मिलिमीटर, म्हणजे नेमके चार इंच. केवळ सिलिंडरचा व्यास वाढला. देशाने मेट्रिक मापे स्वीकारून अर्धशतक उलटले, तरी बॉनेटखाली इंच शिल्लक होता. आणि या इंजिनाची शक्ती? ६३ अश्वशक्ती. १९४१ मध्ये ६०, प्यूजोच्या काळात ६२, २०१० मध्ये ६३. सत्तर वर्षांत आकडा जागचा हललाच नाही, असे कोणी म्हणेल. पण टॉर्क १४२ वरून १८२ न्यूटन-मीटरच्या पुढे गेला होता, तोही आणखी कमी फेऱ्यांवर. केवळ अश्वशक्ती पाहणाऱ्याला हा सारा प्रवास दिसणारच नाही.

पेट्रोल आता परतले आहे. २०२० च्या थारमध्ये १५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन आले, तेव्हा ‘मूळ स्वभाव परत मिळाला’ असा सूर निघाला. स्वभावाचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि दोन्ही इंधनांतील दरी आटत गेली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन लिटर व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा महिंद्राने १.९९ लिटरचे इंजिन काढले. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली. एप्रिल २०२० पासूनच्या धूरमर्यादेने डिझेल इंजिन आणखी महाग केले. आणि आजचा थार घेणारा मुख्यतः शनिवार-रविवारचा प्रवासी आहे; लिटरला किती, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो.

माझी मागणी साधी आहे. युद्धातील जीप जपणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी ती जरूर जपावी. पण एखादी डिझेल जीप हाती आली आणि तिच्यात तिचे पहिलेच इंजिन असेल, तर ते काढू नये. मागच्या फळ्या, टपावरची जाळी, मिस्त्रीने वितळवून जोडलेला सायलेन्सरचा पत्रा, हेही ठेवावे. आरटीओच्या पुस्तकावर जुन्या मालकांची नावे असतात. त्यांतला कोणी हयात असेल, तर गाडी कोणत्या मार्गावर चालत होती, डिझेल उधारीवर कुठे मिळे, इंजिन किती वेळा बांधले आणि कोणी, हे विचारून लिहून ठेवावे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जीपविषयी ग्रंथांची कपाटे भरली आहेत. चंदगड ते बेळगाव धावलेल्या जीपविषयी असे एखादे पान तरी लिहिले जावे.