मोजमाप उंदराच्या डोळ्याचे, प्रश्न मुलांच्या दृष्टीचा

सन २०५० पर्यंत जगातील निम्म्या लोकसंख्येला निकटदृष्टिता असेल, असा अंदाज संशोधकांनी २०१६ मध्ये वर्तवला. या दोषात बहुधा नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब वाढतो आणि मुलांच्या चष्म्याचा नंबर चढत जातो. तो का वाढतो, याचा शोध प्रामुख्याने प्राण्यांवर घेतला जातो. माकडाची पापणी शिवून टाकल्यास डोळा लांबतो, हे विझेल व राव्हिओला यांनी १९७७ मध्ये दाखवले. जनुकांत बदल करणे सोपे असल्याने पुढे उंदीरही या संशोधनात आला.

अडचण मापाची आहे. माणसाचा डोळा सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एक डायॉप्टरचा फरक म्हणजे साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. उंदराचा डोळा जेमतेम ३.३ मिलिमीटरचा. तेथे एक डायॉप्टर म्हणजे अवघे पाच-सहा मायक्रॉन, केसाच्या जाडीचा जवळपास दहावा हिस्सा. ध्वनिलहरींच्या तपासणीला हा फरक खात्रीने टिपता येत नाही. डोळा काढून मोजायचा तर प्राणी मारावा लागतो आणि मोजणी एकदाच होते.

१९९१ मध्ये अमेरिकेत पुढे आलेल्या ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी अर्थात ओसीटी तंत्राने हे चित्र बदलले. डोळ्याच्या विविध थरांवरून परतणाऱ्या अवरक्त प्रकाशावरून अंतर मोजले जात असल्याने तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे तपासता येतो. साहजिकच कमी प्राणी पुरतात. प्राणिप्रयोगांना नैतिकता समितीची संमती आवश्यक असलेल्या भारतातही हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

तथापि यंत्राचा आकडा अंतिम सत्य नव्हे. ओसीटी प्रकाशाने कापलेले अंतर मोजते. खरी लांबी काढण्यासाठी त्यास अपवर्तनांकाने भागावे लागते. हा अंक चुकीचा धरला, डोळा किंचित तिरपा राहिला किंवा भुलीमुळे नेत्रभिंग धूसर झाले, तर पाच-सहा मायक्रॉनचा परिणाम नसताना दिसतो अथवा असूनही हरवतो. शिवाय निशाचर उंदराच्या डोळ्यात माणसासारखा पीतबिंदू नसतो.

म्हणूनच प्राण्यांवरील निष्कर्षांच्या आधारे थेंबांचे वा भिंगांचे दावे होतात, तेव्हा मोजणी कशी केली हा पहिला प्रश्न असायला हवा. अंतिम कसोटी मुलांवरील चाचण्यांचीच. चीनमधील ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर घालवणाऱ्या मुलांत निकटदृष्टितेचे नवे रुग्ण कमी आढळले, हे २०१५ मध्ये अशाच चाचणीतून सिद्ध झाले. उंदीर कारणांचा माग दाखवील. पालकांना द्यावयाचा सल्ला मात्र तेवढ्यावर बेतता येणार नाही.