घर पडले, कागद कुठे आहेत?

उल्हास नदीचे पाणी वाढू लागले की शहाडमधली जुनी माणसे अजूनही 26 जुलै 2005 ची आठवण काढतात. पाणी ओसरते, तलाठी पंचनामा करून जातो, थोडीफार मदतही हातात पडते. खरी अडचण त्यानंतर येते. खचलेले घर पुन्हा उभे करायचे तर बांधकाम परवानगी हवी, आणि ती येईपर्यंत भाड्याच्या खोलीत दिवस काढायचे.

आपत्तीग्रस्तांना परवानगी लवकर मिळावी, ही मागणी रास्तच आहे. पण नियम आपण समजतो तितके संथ नाहीत. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पूर्ण अर्जावर 60 दिवसांत उत्तर आले नाही, तर आराखडा नियमात बसत असल्यास परवानगी मिळाली असे धरले जाते. डिसेंबर 2020 पासून कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरसह राज्यात बहुतेक ठिकाणी लागू झालेली नियमावली त्याहून सोपी आहे. भूखंड 150 चौरस मीटरपर्यंतचा असेल तर परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा आराखडा आणि शुल्क भरल्याची पावती पुरते. 300 चौरस मीटरपर्यंत 10 दिवसांची मुदत आहे.

मग घोडे अडते कुठे? माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा आपल्याच कपाटात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घराची भिंत पावसात गेली. घरपट्टी मरहूम दादांच्या नावावर. त्यांच्या इंतकालाला वीस वर्षे झालेली. तीन चाचा, दोन फुफी. एक चाचा सौदीला, एका फुफीशी बोलचाल बंद. मालकीचा कागद नाही म्हणून अर्ज घेतलाच गेला नाही, आणि अर्जच नाही तर 10 दिवस काय नि 60 दिवस काय! फुफीचा हिस्सा शरीअतने ठरवून दिला आहे. आपण मात्र 'तिने कधी मागितला नाही' म्हणून तो ठेवून घेतो, आणि घर पडल्यावर तिच्या सहीसाठी धावतो. तिने का सही करावी, सांगा बरे!

फ्लॅटवाल्यांची गोष्ट निराळी नाही. 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जण गेले. अशी इमारत रिकामी झाली की रहिवाशांना पहिला प्रश्न पडतो, जमीन कोणाच्या नावावर? पुष्कळ सोसायट्यांची जमीन आजही बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. सोसायटी नोंदलेली असेल तर बिल्डर सही देत नसला तरी मानीव अभिहस्तांतरण करून घेता येते. त्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. इमारत उभी असताना हे काम कुणालाच निकडीचे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. परवानगी झटपट हवी, तपासणी झटपट नको. महाडची तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, सोळा माणसे गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. आपल्या भागात तर खोट्या परवानग्यांवर 65 इमारती उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. पैसे भरलेली कुटुंबे अडकली ती अडकलीच.

घाई आणि देखरेख एकत्र जमू शकते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तिथे लोकांनी आपापली घरे स्वतः दुरुस्त केली. पैसे हप्त्याने मिळत. पुढचा हप्ता अभियंत्याने काम पाहिल्यावर. गावागावांत बायकांना संवाद सहायक नेमले होते, त्या घरमालकाला माहिती देत आणि अडचणी कचेरीपर्यंत पोहोचवत. आपल्या महापालिकांनीही पुरानंतर वस्तीतच एक टेबल मांडावे. होते तेवढेच घर बांधणाऱ्याचा अर्ज तिथेच घ्यावा, आणि अभियंत्याने जोत्याला एकदा, स्लॅबच्या आधी एकदा येऊन पाहावे. मात्र नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत ज्यांची घरे आहेत, त्यांना या टेबलाचा उपयोग नाही. त्यांना दुसरीकडे जागाच द्यावी लागेल.

टेबल येईल तेव्हा येईल. या महिन्यात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. दादा-नानांचे असेल तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची, बहिणींसकट, यादी घेऊन वारस नोंदीचा अर्ज करा. घरपट्टीच्या पावत्या आणि मंजूर नकाशा असेल तर त्याचे फोटो काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवा. पुरात कपाटही भिजते.