सात शहरं की तीन?



मागच्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरला होता. नणंद लग्न होऊन जर्मनीत कोलोनला गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्या मुलाला आम्ही अजून फक्त मोबाइलवरच पाहिलंय. चार वर्षं भिशी भरली आणि मेच्या सुट्टीत जायचं ठरवलं. निघालोच आहोत तर थोडं फिरून येऊ, या विचारानं मुलांनी यादी केली : पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, कोलोन, लुसर्न, मिलान, रोम. तेरा रात्री आणि सात शहरं! ट्रेन आहेत ना, मग काय अडचण?

दुसऱ्या दिवशी कागद गोळा करताना पाहिलं, तर पासपोर्ट चारच. पाचवा, म्हणजे अम्मींचा, त्यांनी परत कपाटात ठेवला होता. विचारलं तर म्हणाल्या, "माझे गुडघे घेऊन सात गावं कशी फिरशील बेटा? तुम्ही जाऊन या. मी फोनवर बघेन."

ज्यांना लेकीला भेटवायला निघालो, त्याच घरी राहणार होत्या. ती यादी मी फाडली आणि नव्यानं बसले. त्यातून जे शिकले, ते आज तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट, शहर बदलण्यात अख्खा दिवस जातो. गाडी दोन तासांचीच असते, पण हॉटेल सोडा, स्टेशन गाठा, गाडी पकडा, नवं हॉटेल शोधा, यात सकाळ ते संध्याकाळ संपते. तिथं हमाल नसतात. बॅगा आपल्याच हातांनी चढवायच्या आणि गाडी थांबते मोजकीच मिनिटं. म्हणून सात शहरांची तीन केली : पॅरिस चार रात्री, कोलोन पाच, लुसर्न चार. विमानानं पॅरिसला उतरायचं आणि परतीचं विमान झुरिकहून घ्यायचं. जिथं उतरलो तिथंच परत जायचं बंधन नसलं की एक अख्खा प्रवास वाचतो.

दुसरी गोष्ट व्हिसाची. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड तिन्हींना एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज मात्र जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथं आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. आम्ही उतरणार पॅरिसला, पण जास्त रात्री कोलोनला, म्हणून अर्ज जर्मनीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. आमची मुलगी १३ वर्षांची, तिला मोठ्यांचीच फी. मुलगा १० चा. पाच जणांचे ४०५ युरो झाले, केंद्राचा सेवाखर्च वेगळा. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमाही लागतो. लंडन यादीत असेल तर त्याचा व्हिसा स्वतंत्र, हे विसरू नका.

आणि एक कळकळीची विनंती, व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका. माझ्या मावसबहिणीनं स्वस्त मिळतात म्हणून आधीच काढली. व्हिसा उशिरा आला, तारखा हुकल्या आणि पैसे बुडाले.

तिसरी गोष्ट, पास की सुटी तिकिटं? भारतातून जाणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. ४ ते ११ वर्षांची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर त्यावर मोफत जातात, ६० वर्षांवरील माणसांना थोडी सवलत असते. पण फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांत पास असूनही सीटचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं. रोज गाडी बदलणाऱ्याला पास परवडतो. आमचे मोठे प्रवास दोनच, म्हणून सुटी तिकिटं घ्यायची ठरवली. ती जितकी आधी काढाल तितकी स्वस्त.

पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनहून कोलोनला थेट युरोस्टार जाते, साधारण सव्वातीन तास. कोलोनहून बाझल सुमारे चार तास, तिथं गाडी बदलून लुसर्न एक तास. बाझलला मी मुद्दाम तासभराची फुरसत ठेवली आहे. धावतपळत गाडी पकडणं अम्मींना जमणार नाही. तिकीट सलग एकच काढलं तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळं दुसरी चुकली तरी पुढची सोय रेल्वे करते. दोन वेगळी तिकिटं असतील तर भुर्दंड आपला. व्हीलचेअरची मदतही मिळते, फक्त किमान २४ तास आधी कळवावं लागतं. हे ऐकल्यावर अम्मी पहिल्यांदा हसल्या.

लुसर्न निवडलं तेही त्यांच्यासाठीच. तिथून बोटीनं विट्झनाउ आणि तिथून दातेरी चाकांच्या गाडीनं थेट रिगीच्या डोंगरावर. ही गाडी १८७१ पासून चालते. चढण एक पाऊलही नाही! स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ती बोट आणि गाडी दोन्ही येतात आणि आई-वडिलांबरोबर १५ वर्षांपर्यंतची मुलं फॅमिली कार्डवर मोफत.

खाण्याचं म्हणाल तर पॅरिस आणि कोलोनमध्ये हलाल सहज मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये जनावराला बेशुद्ध न करता जबह करायला १८९३ पासून बंदी आहे. हलाल मांस बाहेरून येतं, म्हणून दुकानं कमी आणि भाव जास्त. लुसर्नला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, खिचडी-अंड्यावर भागेल. घरून खजूर, चिवडा, मसाले न्या. पण मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. अम्मींनी लेकीसाठी ठेवलेलं गावचं तूप आणि कबाब दोन्ही बाद! त्यांची जागा घरच्या मसाल्यानं घेतली.

नमाजच्या वेळांचाही अंदाज ठेवा. मेअखेर पॅरिसला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, इशाला बराच उशीर होतो. दमलेल्या लेकरांना घेऊन सकाळी सातची गाडी ठेवू नका. पॅरिसची १९२६ ची मोठी मशीद आणि कोलोनची एरेनफेल्डमधली नवी मशीद पाहायची आम्ही ठरवलंय.

मुलगा अजून रोमसाठी रुसलाय. त्याला सांगितलं, रोम कुठं जात नाही, दादीच्या गुडघ्यांना मात्र दरवर्षी एक वर्ष वाढतं. तो गप्प बसला. मग स्वतःच कपाटाकडे गेला आणि पाचवा पासपोर्ट आणून गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

दुआ करा. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, इन्शाअल्लाह.