बाईची बचत तिच्या नावावर उरू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
सिंधुदुर्ग जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक



देवगडजवळच्या जामसंड्यात हापूसचा पैसा येतो तो मार्च ते मे. बहुतेक घरांत तो पुरुषाच्या हाती पडतो. त्यातून फवारणीची उधारी फिटते, नवी कलमं लागतात, जमलं तर जमिनीचा तुकडा घेतला जातो. पुरुषाची बचत अशी सातबाऱ्यावर चढते.

बाईच्या हाती येते ती आंबे निवडण्या-भरण्याची मजुरी, मासळीच्या पाटीची विक्री, बचत गटातलं थोडंसं कर्ज. पैसा किडुकमिडुक येतो, म्हणून शिल्लकही तशीच पडते. ती मुलांच्या फीत, सासूच्या औषधात, पावसाळ्याच्या बेगमीत जिरते. बाई आयुष्यभर साठवते आणि तिच्या नावावर काहीच राहत नाही.

बायका जात्याच काटकसरी, असं म्हणून आपण हा प्रश्न टाळतो. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली आणि घरोघरी डाळ-तांदळाच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून बायकांच्या नोटा बाहेर आल्या. त्या नुसत्या साठवलेल्या नव्हत्या, लपवलेल्या होत्या, कारण घरात कळलेला पैसा घरातच मागितला जातो.

शेतकरी संघटनेने जमीन बाईच्या नावे करण्याची लक्ष्मी मुक्ती मोहीम चालवली आणि १९९२मध्ये सरकारने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. तरी फार थोड्या उताऱ्यांवर ते लागलं. पीककर्ज मात्र सातबारा बघूनच मिळतं. जमीन नावावर नाही, पण ऑगस्ट २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. ते टिकतील कसे, हे बँकेने पाहायला हवं.

म्हणून चार मागण्या करते. हप्ता हंगामाप्रमाणे कमी-जास्त करता येईल असं आवर्ती ठेव खातं काढा; जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासळीवाल्यांचा हप्ता चुकला तर दंड नको. पिग्मी एजंट आंब्याच्या शेडवर आणि देवगड बंदरावर पाठवा, शक्यतो बाईच. खात्यातली शिल्लक नवऱ्याला किंवा मुलालाही सांगू नका. आणि गटात वर्षानुवर्षं नियमित भरणा करणाऱ्या बाईला, नावावर जमीन नसली तरी, कलमांसाठी, दुकानासाठी तिच्या एकटीच्या नावाने कर्ज द्या.

मोहोर धरायच्या आत निर्णय घ्या. मार्चात मजुरी हाती पडेल तेव्हा ती ठेवायला बाईला स्वतःची जागा हवी.

आपली,
जामसंड्याची एक खातेदार